दुर्वांची जुडी

सासरी आल्यावर पहिली शिकवण मिळाली ती हरळीची. खुरप्यानं वरून कापली की हरळी मरत नाही, उलट जोमानं वाढते. तिला कुदळीनं हातभर खोल खणायचं, पांढरं मूळ शेवटापर्यंत ओढून काढायचं, पाटीत भरायचं आणि उघडीप मिळाली की खडकावर वाळवायचं. वाळलं की चुलीत घालायचं. एखादा तुकडा वाफ्यात पडला तर सासूबाई मला अर्ध्या वाटेतून परत आणून तो उचलायला लावत. मला रागानं रडू यायचं. पण तेर गावाच्या आसपास त्यांच्याइतकं स्वच्छ रान कुणाचं नाही, हे त्यांच्याविषयी वाईट बोलणारेही कबूल करत.

त्या वर्षी पलीकडं बार्शीला स्वातंत्र्याचा झेंडा लागला होता, आमच्याकडं अजून निजामच होता. पेरण्या उरकून नवरा निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघून गेला. घरात आम्ही दोघीच. सासूबाईंच्या थोरल्या दिरांनी निरोप धाडला की बिनपुरुषाचा मळा हरळीच खाणार. दसऱ्याला येऊन बघतो, हरळी दिसली तर मळा माझ्या नांगराखाली घेतो. तेवढंच आमचं रान होतं. ते गेलं असतं तर आम्हाला त्यांच्या ओसरीवर भाकरीची वाट बघत बसावं लागलं असतं.

एरवी सावडीला बायका यायच्या; आज तुमच्यात, उद्या आमच्यात. त्या साली रझाकारांच्या धास्तीनं कुणी फिरकलं नाही. रस्त्यानं घोड्याच्या टापा ऐकू आल्या की आम्ही दोघी मिरचीच्या झाडांत खाली बसायचो. आवाज लांब गेला की पुन्हा कुदळ हातात घ्यायचो. हाताच्या फोडांचं पाणी होऊन गेलं, पण गणपतीपर्यंत रान लख्ख झालं.

गणपती उठला आणि निर्माल्याचा प्रश्न आला. दर वर्षी ते तेरणेत सोडायचो, पण नदीच्या वाटेवर हत्यारबंद माणसं बसलेली. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस थांब. थांबणं माझ्या स्वभावातच नव्हतं. देवाचं आहे, पायदळी येऊ नये, म्हणून त्या झोपल्या असताना मी भर दुपारी शेवटच्या वाफ्यात, पाटाच्या ओलीला सगळं पुरून आले. त्यात ओढ्याकाठून मीच मुळासकट उपटून आणलेल्या दुर्वांची जुडी होती. दुर्वा म्हणजे हरळीच, हे का मला ठाऊक नव्हतं? पण देवापुढं ठेवल्यावर तिला हरळी म्हणायचं डोक्यातच येत नाही.

दसऱ्याला थोरले आले. जोडे बांधावर काढून वाफ्यावाफ्यानं चालू लागले. आम्ही पदर पुढं ओढून मागं. त्यांच्यासमोर सासूबाईंनी कधी तोंड उघडलं नव्हतं. शेवटच्या वाफ्याशी मला ती कोवळी हिरवी रेघ दिसली. मी पुढं होऊन तिच्यावर पाय ठेवून उभी राहिले.

"सरक," ते म्हणाले.

मी सरकले. त्यांनी वाकून हिसका दिला. मातीतून मूळ आलं, पाठोपाठ सुतानं बांधलेली जुडी आणि कुजकं जास्वंद. ते बघतच राहिले. मग जुडी कपाळाला लावली आणि विचारलं, "हे मळ्यात कुणी पुरलं?"

सासूबाईंनी त्या दुपारी मला पाहिलं नव्हतं, पण घरात तिसरं होतं कोण?

"म्या पुरलं," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्सं रान राखलं तुमी, आन् एवढं कळलं न्हाय?"

देवाचंच निघालं म्हणून थोरल्यांनी मळ्याला हात लावला नाही. पण पारावर बसून सांगितलं, आमच्या भावजयीचं आता डोकं चालत न्हाय. गावानं ते खरं मानलं. पुढच्या सालापासून बायका आपल्या रानातली हरळी कशी काढायची हे त्यांना विचारायला येईनाशा झाल्या.

त्या दिवशी थोरले गेल्यावर सासूबाईंनी कुदळ घेतली, पाटी माझ्याकडं सरकवली आणि शेवटचा वाफा खणायला लागल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. ते मी पुरलं होतं, हे मी गावात कुणालाच सांगितलं नाही.