पुरात चालू असलेली गिरणी

हे लिहू का नको, लिहू का नको करत बरेच महिने गेले. कारण भानामती, करणी, बाहेरची बाधा असल्या गोष्टींवरून आमच्या गावात सगळ्यात जास्त भांडलेली बाई कोण, असं विचारलं तर लोक माझ्याकडंच बोट दाखवतील. मी मंदा, गावची आशा वर्कर. एकदा एका तापलेल्या लेकरावरून लिंबू उतरवून ठेवलेलं दिसलं, तर मी तेच लिंबू कापलं आणि घरच्यांच्या समोर सरबत करून प्याले. काही झालं नाही मला. त्यामुळं आता मीच असं काही सांगायला लागले तर तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा... पण पूर्ण वाचून हसा.

वडीगोद्रीला हायवे सोडून गोदावरीकडं उतरलं, की ऊस-कापसातून जाणारा रस्ता आमच्या गावात येतो. गावाच्या मधून एक नाला जातो आणि पुढं नदीला मिळतो. नाल्याच्या अलीकडं शाळा आणि आमचं घर, जरा उंचावर. पलीकडं सखल भागात गिरणीची आळी. तिथं नूरबी चाचींचं घर — त्या आळीतलं एकच स्लॅबचं, बाकी सगळी मातीची धाब्याची. घराला लागून त्यांच्या मालकांची, म्हणजे गफूरचाचांची, पिठाची गिरणी. चाचा वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा सलीम ट्रक चालवायला लागला, गिरणीचं डिझेल इंजिन भंगारात गेलं आणि त्या खोलीत आता शेळ्या बांधतात.

सलीमची बायको रुबीना पोटुशी होती. पहिलटकरीण, अंगानं बारीक, रक्त कमी. तारखेला अजून वेळ होता. चार-दोन दिवसांत तिला अंबडच्या दवाखान्यात हलवायचं, असं मी आणि नूरबी चाचींनी ठरवलं होतं.

आता पुराचं सांगते. आम्हाला टँकरची सवय, पुराची नाही. नाल्याचं पाणी दरसाल गिरणीच्या ओट्याला लागतं आणि माघारी जातं, हे सगळ्यांना पाठ. म्हणून त्या दिवशी सकाळी पाणी चढायला लागलं तरी गिरणीच्या आळीतली माणसं घरातच बसली. भांडी बाजेवर ठेवली, धान्याची पोती माळ्यावर चढवली, झालं. पण या वेळी पाणी नाल्याचं नव्हतंच. वर धरणाचं पाणी सुटलेलं, इकडं पाऊस थांबायला तयार नाही, आणि नदीच उलटी नाल्यात शिरली. दुपारपर्यंत पूल दिसेनासा झाला. धाब्याच्या भिंती बसायला लागल्या तसं सगळी आळी नूरबी चाचींच्या स्लॅबवर चढली... म्हातारी-कोतारी, लेकरं, शेळ्या, कोंबड्या, सगळं. चाचींनी कुणाला नको म्हटलं नाही. उलट घरातलं होतं-नव्हतं ते पीठ वर नेऊन बायांना भाकरी थापायला बसवलं. आमच्या गावाचं कौतुक मी काय सांगू, खाली पाण्यात घर वाहून जातंय आणि ही माणसं वर एकमेकाला भाकरीचा तुकडा पुढं करून राह्यली.

तेवढ्यात चाचींचा फोन आला. रुबीनाला कळा सुरू झाल्या होत्या, पाणमोट फुटली होती. मी लगेच आरोग्य केंद्राच्या सिस्टरना लावला. त्या बिचाऱ्या निघायला तयार होत्या, पण रस्ताच राहिला नव्हता. बोट मागवली आहे म्हणाल्या, कधी येईल ते सांगता येत नाही. मला फोनवरच काय काय करायचं ते सांगत होत्या, तेवढ्यात टॉवर गेला.

मी पिशवी भरायला घेतली. नवीन ब्लेड, उकळलेला दोरा, हातमोजे, माझ्या दोन धुतलेल्या सुती साड्या, सगळं प्लॅस्टिकमध्ये बांधलं. आमचे मालक दारात आडवे. म्हणाले, तुला पोहता येत न्हाई. मी म्हटलं, पोहायला कोण चाललंय, मला बसूनच जायचंय.

कशात बसून, तर काहिलीत. आमचा बहुतेक ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जातो, पण माझे दीर भागवत थोडा ऊस राखून घरचं गुऱ्हाळ लावतात. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई म्हणजे काहिल. चार माणसं आरामात बसतात आणि पाण्यावर तरंगते. भागवत भाऊजींनी बांबू घेतला. मासे धरणारा रामा फळी घेऊन वल्हवायला बसला. रामा म्हणजे आमच्या गावचा घरजावई, लग्न करून इथंच राहिलेला. लोक त्याला लई चिडवतात. त्या दिवशी मात्र गावचे भलेभले काठावर उभे राहिले आणि घरजावईच पहिला काहिलीत उतरला.

सुरुवातीला बरं चाललं होतं. पण पूल जिथं असायला पाहिजे तिथं आलो आणि पाण्यानं काहिल ओढली. काहिलीला ना नाक ना तोंड, सगळी गोल. ती जी गरगर फिरायला लागली ती थांबेचना. भाऊजींचा बांबू तळाला लागेना. आणि पाऊस असा आला की चारी बाजूंनी एकच रंग... पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते समजेना. शाळा दिसेना, गिरणीची आळी दिसेना. एक बाभळीचा शेंडा जवळून गेला, त्यावर सापाचं वेटोळं. मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. खोटं कशाला बोलू, पार घाबरले होते. मी बुडेन ही भीती होतीच. पण त्याहून जास्त डोळ्यापुढं रुबीना येत होती, की मी न्हाई पोचले तर ही पोरगी जाते.

भाऊजी म्हणाले गाव समोर हाये, त्यांना काठावरचा पिंपळ दिसल्यासारखा वाटला. रामा म्हणे न्हाई, डाव्या अंगाला. मला तर काहीच सांगता येत नव्हतं.

आणि तेव्हा तो आवाज आला. आमच्या पाठीमागून.

कुक्... कुक्... कुक्... कुक्...

ज्यांनी जुनी इंजिनाची गिरणी ऐकली आहे त्यांना हा आवाज सांगावा लागणार नाही. गिरणीवाले इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवायचे. इंजिन चालू झालं की तो डबा कुकायला लागायचा आणि लांबच्या वस्तीवरच्या बायांनाही कळायचं, गिरणी चालू आहे, दळण घेऊन निघा. उगाच डोक्यावर ओझं घेऊन हेलपाटा नको. प्रत्येक गिरणीचा आवाज वेगळा. गफूरचाचांच्या गिरणीचा जरा घोगरा होता, मधेच एखादा ठोका खाणारा. मी नवी नवरी होते तेव्हापासून ऐकलेला आवाज तो. मला झोपेतून उठवून विचारलं तरी ओळखेन.

त्या पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भाऊजी ओरडून बोलत होते. आणि तो आवाज मात्र स्वच्छ, आपण गल्लीच्या तोंडाशी उभं आहोत असा.

मला वाटलं, भीतीनं माझं डोकं फिरलं. मी कुणाला काही बोलले नाही. तर रामानंच वल्हवायचं थांबवलं आणि विचारलं, "वैनी, हे कुक् कुक् काय वाजून राह्यलं?"

हे लक्षात घ्या. रामा या गावात आला तेव्हा इंजिन भंगारात जाऊन जमाना झाला होता. त्याच्या गावाला पहिल्यापासून विजेची चक्की. त्यानं तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता, म्हणून तर विचारत होता. मी भाऊजींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "गफूरचाचाची गिरणी."

पण तरी ते काहिल वळवायला तयार होईनात. गाव समोर हाये, आवाज मागून येतोय, तो बरोबर कसा असंल, असं त्यांचं म्हणणं. बोलणं चुकीचं नव्हतं. एकदा वळवली आणि चुकलो तर परत प्रवाह कापायची ताकद दोघांच्याही हातात उरली नव्हती. मी आयुष्यात दिराला कधी अरे-कारे केलं नाही. तेव्हाही केलं नाही, पण आवाज चढवला.

"भाऊजी, गिरणी जिथं हाये तिथं रुबीना हाये. आवाजाकडं घ्या. चुकलं तर माझ्या माथी."

रामानं फळी घातली. भाऊजींनी बांबू टाकून दिला आणि हातानं पाणी कापायला लागले. आवाज कधी उजवीकडं सरकायचा, कधी डावीकडं — म्हणजे काहिल फिरायची — आणि मी सांगत जायचे, इकडं घ्या, आता इकडं. मग एकदम उसाचे शेंडे काहिलीच्या बुडाला घासायला लागले, थोडं पुढं रामा पाण्यात उतरला तर त्याचे पाय टेकले, आणि पावसातून नूरबी चाचींचा जिना समोर आला. लोकांनी वरून साडी सोडली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबून ऐकलं. पाऊस सोडून काहीच नव्हतं.

भाऊजी ज्याला गाव म्हणत होते ना, तिकडं नदीची मुख्य धार होती. पाणी उतरल्यावर आम्ही तिघांनी जाऊन पाहिलं.

जिन्याच्या वर पत्र्याची छोटी खोली आहे, तिथं रुबीनाला निजवलं होतं. बायांनी दाराला साड्या धरल्या. माझं काम खरं तर बाईला दवाखान्यात पोचवायचं, बाळंतपण करायचं नाही. पण आता दवाखाना म्हणजे मीच होते. रुबीनानं माझा हात असा धरला की नखं रुतली. मला म्हणाली, "ताई, आप आ गए, अब मैं नहीं मरती." मी म्हटलं, कोण मरू देतंय तुला. बोलायला काय जातं, असं मनात म्हणत हातमोजे चढवले.

दिवस मावळायच्या आधी पोरगी झाली. मानेला नाळेचा वेढा. तो सोडवला, पण पोरगी निळसर, रडेना, हलेना. मी तोंड-नाक पुसलं, साडीनं अंग कोरडं केलं, पाठ चोळली, तळपाय चोळले, परत पाठ. ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर केलेलं सगळं आठवून आठवून केलं. नूरबी चाची माझ्या शेजारी बसून हळू आवाजात दुवा म्हणत होत्या. आणि मग पोरगीनं एक उचकी दिली आणि जे भोकाड पसरलं... बाहेर माणसं रडायला लागली. रामा तर ओक्साबोक्शी. मी पण रडले, लपवायचं काय त्यात. पण त्या वेळी मला माझा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पोरगी आईच्या छातीशी लागल्यावर चाचींनी मला काळा चहा दिला आणि विचारलं की एवढ्या पावसात तुम्हाला घर सापडलं कसं. मला सांगवेना. शेवटी सांगून टाकलं, चाचांची गिरणी ऐकू आली. त्यांना ती ऐकू आली नव्हती. स्लॅबवर कुणालाच नाही, मी एकेकाला विचारलं. मला वाटलं चाची रडतील किंवा चिडतील. त्यांनी गिरणीवाल्याच्या बायकोनंच विचारावा असा प्रश्न विचारला.

"आवाज हलका होता, का दबून येत होता?"

मी आठवलं. दबून येत होता... जात्यात धान्य पडलं की इंजिनावर भार येतो, तसा.

"हौ," त्या म्हणाल्या. "खाली, बिना दाने की चक्की वो कभी नहीं चलाते थे. फुकट डीजल जलता बोलते थे." आणि गालातल्या गालात हसल्या. मग पोरीला बघायला उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बोट आली, माय-लेकीला दवाखान्यात नेलं. दोघी ठणठणीत. सलीम रस्ता उघडल्यावर पोचला. आमच्या गावात घरं पडली, गुरं गेली, पिकं तर सगळीच गेली. पण माणूस एकही गेला नाही, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

आवाजाचा मी खूप तपास केला. डिझेलवरचं दुसरं इंजिन असेल म्हटलं, तर सगळ्यांच्या विजेच्या मोटारी, आणि वीज तर सकाळीच गेली होती. ट्रॅक्टर म्हणावा तर तो पाण्याखाली. बोट त्या दिवशी आलीच नव्हती. शेवटी त्या खोलीत जाऊन पाहिलं — नुसता गाळ, आणि इंजिन जिथं बसवलं होतं तो रिकामा चौथरा. एकजण म्हणाला, मनाचे खेळ असतात. भागवत भाऊजी तर हा विषय निघाला की अजूनही उठून जातात.

कुणाकडं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त घाबरलेल्या तीन माणसांना भास झाला, असं सांगू नका. घाबरलो होतो, कबूल. पण भासाच्या मागं गेलेली काहिल नेमकी नूरबी चाचींच्या जिन्याला लागत नाही. मी अजूनही लिंबू-मिरचीवाल्यांशी भांडते, भांडत राहणार. एवढी एक गोष्ट मात्र माझ्याकडं उत्तराशिवाय आहे.

आणि परवा गिरणीच्या आळीत लेकरांची वजनं घ्यायला गेले होते. रुबीनाची लेक रांगत माझ्यापर्यंत आली, माझी साडी मुठीत धरली आणि पहिल्यांदाच उभी राहिली.