पुसट लाल काडी

फिनेलचा वास आला की पनवेलमधली आमची लॅब आठवते. थुंकी तपासायच्या रंगालाही तसाच वास यायचा. दुबईला निघालेल्या एका तरुणाला मी चुकून टीबी आहे असं लिहून दिलं. त्याची नोकरी गेली, त्याने शिव्या घातल्या. तेव्हापासून अगदी स्पष्ट दिसल्याशिवाय 'आहे' लिहायचंच नाही, असं मी ठरवलं. मग जवळच्या आपटा गावची एक खोकणारी बाई आली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या थुंकीच्या काचेवर जंतूसारखी एकच पुसट लाल काडी दिसली. मी 'नाही' लिहिलं. "म्हंजे मना काय नाय ना? देव तुजा भला करो, बाय," म्हणत तिने माझा हात धरला. काही महिन्यांनी तिचा नवरा डोकं भादरलेला आला, सोबत खोकणारी लेक. त्या तरुणाच्या शिव्या मी कधीच विसरले. तिचा आशीर्वाद मात्र विसरता येत नाही.