बायकांची बस

हॉटेलच्या दारात दोन टेबलं मांडली होती. डावीकडच्या टेबलावर पुरुषांना कापडी पिशवी मिळत होती. तीत भाषणांचं वेळापत्रक, वही आणि पेन. उजवीकडे बायकांना हळदीकुंकू, गजरा, नारळ आणि ब्लाउजपीस. मी डावीकडे गेले, तर तिथल्या मुलीने हसून मला उजवीकडे पाठवलं.

"मी डेलिगेट आहे. कंपनीनं पाठवलंय मला."

"हो की, अक्का. तुमची बस तिकडं उभी आहे."

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. कारखान्यांच्या संगणक विभागांची परिषद हुबळीत पहिल्यांदाच भरत होती. मी तारिहाळला पंपाच्या कारखान्यात होते. सुट्या मालाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम मी एकटीने लिहिला होता. विभागात दुसरी बाई नव्हती, आणि प्रोग्रॅम चुकला तरच लोक माझ्याशी बोलत. अडलं तर विचारावं असं कुणी ओळखीत नव्हतं. असं कुणी भेटेल म्हणून साहेबांच्या मागे लागून मी परिषदेला आले होते. तसं कुणी मिळालं नाही तर हे काम फार वर्षं निभणार नाही, हे मला कळत होतं.

उजवीकडच्या टेबलापाशी एक बाई हातात नारळ घेऊनच संयोजकांशी भांडत होत्या.

"अहो, मी नवऱ्याबरोबर आलेली नाही. नवरा पुण्यात मुलं सांभाळतोय!"

"मग बरंच झालं की मॅडम, मोकळ्या आहात. फिरून या."

संयोजक वाईट माणूस नव्हते. पाहुण्या बाईला नारळ-ब्लाउजपीस न देता आत घेणं त्यांना जमलंच नसतं. पण नारळ घेतलेली बाई सभागृहात बसून भाषणं ऐकेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. यादीतल्या प्रत्येक बाईचं नाव त्यांनी बसमध्ये घातलं होतं, आणि आत खुर्च्याही त्याच हिशेबाने मांडल्या होत्या. आम्ही बसमध्ये बसलो.

आम्ही सहा जणी होतो. बरोबर सांगायचं तर पाच. सहावी खरोखरच कुणाची तरी बायको होती.

जन्मापासून हुबळीतच केशवापूरला राहणाऱ्या मला त्या दिवशी गावातलंच उणकलचं तळं दाखवण्यात आलं. तळ्याकडे कुणी बघितलं नाही. पुण्याच्या बाई, कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातली एक, बेळगावात कॉलेजात शिकवणारी एक, बंगळूरची एक. यांतली प्रत्येक आपापल्या ठिकाणी एकटी होती. मराठी-कन्नडची सरमिसळ करत सगळ्या एकदम बोलत होतो. तळ्याच्या काठावर, नारळ हातात असतानाच, बसबरोबरच्या माणसाने आमचा फोटो काढला.

मग धारवाडला साड्यांच्या दुकानात नेलं. मी पुण्याच्या बाईंना माझी अडचण सांगितली. कामगारांनी न वापरता परत केलेला माल माझ्या प्रोग्रॅममध्ये दोनदा मोजला जायचा. त्यांनी समोरच्या गठ्ठ्यातून एक इरकल उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा गठ्ठ्यावर टाकली.

"आता ही नवी साडी आली का? नाही. ही गेलीच नव्हती. तुम्ही तिला नवी म्हणून आत घेताय."

दुकानदाराने विचारलं, "अक्का, मग ही बांधू काय?"

"थांबा हो, अजून ती स्टॉकमध्येच आहे," साखर कारखानावाली म्हणाली आणि आम्ही इतक्या हसलो की दुकानदाराने घाईने चहा मागवला.

सोमवारी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. बरेच महिने छळणारी चूक गेली.

परतताना बसमध्येच ठरलं, की पुढच्या वर्षी परिषदेत आमच्यासाठी एक खोली आणि एक तास मागायचा. गावातली म्हणून ते माझ्याकडे आलं. मी संयोजकांना जाऊन भेटले. ते ओशाळले. "चूक झाली, अक्का. पुढल्या वेळी तुम्हालाही पिशवी. खोलीपण देतो." दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पण मध्ये परिषदेची पुस्तिका छापून सगळ्या कंपन्यांना गेली. तीत आमचा तळ्याकाठचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, महिलांची सहल.

पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांचे साहेब म्हणाले होते, सहलीला कंपनी माणूस पाठवत नाही. माझ्या साहेबांनी विचारलं, "मागच्या वेळी साड्या बघून आलात ना?" दुरुस्त झालेला प्रोग्रॅम मी त्यांना दाखवला. ते म्हणाले, "तो तर आधीपासून तुमचाच होता. त्यात परिषदेचं काय?" मी रजा टाकून परिषदेला गेले. बंगळूरची लग्न करून परदेशी गेली होती. साखर कारखानावालीने नोकरी सोडल्याचं कळलं.

मला पिशवी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खोलीत मी आणि बेळगावची, दोघीच. तिसरी आली ती मागच्या वर्षीची खरी बायको. बस चुकवून आली होती. "तुम्ही असाल म्हणून आले. बाकीच्या कुठायत?" आम्ही सांगितलं. मग आम्ही संयोजकांनी ठेवलेले पेढे खाल्ले आणि तास संपायच्या आत उठलो. त्यानंतरच्या वर्षी खोली मागायला मी गेले नाही.

पुढे कारखान्याने बाहेरून तयार प्रोग्रॅम विकत घेतला. तो चालवायला एक माणूसही आला. शंका आली तर फोन कुणाला करायचा, हे त्याला ठाऊक होतं. मला डिस्पॅचला बसवलं, आणि वर्षभरात मी नोकरी सोडली.

मग एकदा आमच्या ह्यांच्या व्यापारी संघाचं अधिवेशन होतं. त्याच हॉटेलात. ह्यांचं अमरगोळच्या मार्केट यार्डात दुकान आहे. ह्यांना पिशवी मिळाली. मला हळदीकुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस दिला आणि बस दाखवली. ह्या वेळी त्यांची काही चूक नव्हती.

बस भरलेली होती. मी प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघत मागे गेले आणि खिडकीशी बसलेल्या बाईशेजारी बसले.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"मी? काही नाही हो. ह्यांच्याबरोबर आलेय. तुम्ही?"

"मी पण," मी म्हटलं आणि नारळ मांडीवर घेतला.