कळस दिसतो तिथवर

वजन कमी करायला टेकडी चढायची, तर वरच्या देवळाच्या पायरीलाच हात लावायचा, असा माझा हट्ट. एखाद्या दिवशी निम्म्यातच दम लागला की सगळं फुकट गेलं असं वाटायचं आणि मग बूट महिनाभर कपाटात.

आज पुन्हा निघाले आणि पुन्हा निम्म्यातच धापा टाकत थांबले. वळणावर माझ्याहून चांगल्याच जाड एक बाई पदराने घाम पुसत होत्या. त्यांनी चपला काढल्या, झाडांवरून दिसणाऱ्या कळसाला हात जोडले आणि परत फिरल्या.

"वर नाही जात?" मी विचारलं.

"आज गुडघे नको म्हणतायत. देवाला इथूनही चालतं हो. उद्या येऊच की!"

खरंच, आपण धावत्या एसटीतूनही कळसाला नमस्कार करतो आणि दर्शन झालं म्हणतो. देवाला एवढं चालतं, मग मीच कोण एवढी कडक? अर्धी का होईना, टेकडी चढलेच होते ना! किती हलकं वाटलं. मीही बूट काढून हात जोडले.

घरी आल्यावर बूट कपाटात ठेवले नाहीत. दाराशीच राहू दिले.