बिननावाचा खडक

जाळेवाल्या काकूंच्या हातात सुई असली की त्यांच्या नादी कुणी लागत नसे. फाटकं जाळं आणणाऱ्याला आधी शिव्या, मग काम. "हे जाळं आहे की चाळण? मासे काय तुझी दया येऊन आत थांबणार आहेत?" असं म्हणत म्हणत त्या असं विणून द्यायच्या की जोड शोधून सापडू नये. बाई तोंडाची फटकळ, पण हाताची सोन्यासारखी.

एकाच गोष्टीवर मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप. या खाडीची रीत अशी की ज्या खडकावर आपटून माणूस जिवानिशी गेला, त्या खडकाला त्याचं नाव द्यायचं. सुताराचा खडक, जुळ्यांचा खडक, म्हातारीचा खडक. नाव मात्र घरच्यांनीच द्यायचं, इतरांनी मध्ये पडायचं नाही. काकूंचा नवरा, अख्खी वस्ती ज्याला गडबड्या म्हणायची, त्याची होडी उत्तर टोकाच्या खडकावर आपटली. फळ्या सापडल्या, तो सापडला नाही. काकूंनी नाव दिलंच नाही. नाव दिलं म्हणजे गेला हे कबूल केलं, आणि तेच त्यांना मान्य नव्हतं. एकोणीस वर्षं लोक त्या खडकाला नुसतं 'तो' म्हणत आले.

आणि खरं सांगू? गडबड्या घरातून गेलाच नव्हता. ओहोटीला तो खडक डोकं वर काढायचा, तेव्हा भर दुपारीसुद्धा काकूंच्या स्वयंपाकघरात ओली पावलं वाजायची. पचक, पचक, घाईघाईने, दारापासून ओट्यापर्यंत. त्यांच्या लेकीलाही ऐकू यायची. काकू वळून बघत नसत. वळलं तर पावलं थांबतील ही धास्ती. नुसतं म्हणायच्या, "हळू रे, घसरशील."

मग एक दिवस कचेरीतून मोजणीवाली आली. खाडी वस्तीच्या मासेमारीसाठी राखीव होणार होती. वस्तीने चार वर्षं खेटे घालून ते पदरात पाडून घेतलं होतं. अट एकच होती. ज्या जागेला वस्तीत नाव आहे, ती नकाशाच्या रेघेच्या आत. बाकीचे खडक सुरुंग लावून फोडायचे, कारण मोठ्या बोटींना वाट हवी होती.

जाळ्यांच्या शेडमध्ये सगळे जमले. काकूंचे दीर वस्तीचे म्होरके. ते एकेक खडक सांगत गेले, मोजणीवाली लिहीत गेली. शेवटी तिने उत्तर टोकावर बोट ठेवलं. "आणि हा?"

काकू जाळं विणतच राहिल्या.

"नाव नाही का याला? मग हा बाहेर जाईल."

दिरांनी वहिनीकडे पाहिलं. भाऊ असले, तरी बायको असताना नाव द्यायचा हक्क त्यांचा नव्हता.

"जाऊ दे बाहेर," काकू मान वर न करता म्हणाल्या. "दगड तो दगड."

"आई," लेक त्यांच्याजवळ बसली, "बाबांना उभं राहायला तेवढीच जागा आहे गं."

सुई बोटात घुसली, तरी कळलं नाही. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. ओहोटी होती. खडक वर आला होता, काळा, ओलाकच्च. त्यावर कुणीही नव्हतं. बाई सगळ्यांदेखत हमसून हमसून रडल्या.

"गडबड्याचा खडक," त्या शेवटी म्हणाल्या. "लिही. माझा नवरा तिथे..."

मोजणीवालीने पेन टेकवलं.

"पेन्सिलीने लिही गं बाई!" काकू जवळजवळ ओरडल्या. "उद्या परत आला, तर खोडता यायला हवं."

कुणी हसलं नाही. दीर हळूच म्हणाले, "वहिनी, कचेरीत पेन्सिलीचं धरत नाहीत हो."

काकूंनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"मग पेनाने लिही," त्या उठत म्हणाल्या. "पण थांब, आधी मला बाहेर जाऊ दे."