भावोजी आधी बघून येत

माझ्या थोरल्या बहिणीने, माणिकताईने, लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पाच सिनेमे पाहिले आणि पाचही संतांचे. पार्ल्यातल्या आमच्या चाळीत तेव्हा रीतच होती: घरातल्या पुरुषाने सिनेमा आधी एकट्याने बघून यायचा आणि बायकांनी पाहण्यासारखा आहे की नाही ते सांगायचं. इतर घरांतले पुरुष निदान थोडी ढिलाई दाखवत. आमचे मार्तंडभावोजी कचेरीत साधे कारकून, पण घरात हायकोर्टाचे जज्ज. मी मॅट्रिक होईपर्यंत शाळेसाठी त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे त्यांचे निकाल मलाही लागू.

चोपन्न साली अंधेरीला एक प्रेमाचा हिंदी सिनेमा लागला आणि हलेचना. चाळीतल्या झाडून साऱ्या बायका बघून आल्या. नळावर दुसरा विषय नव्हता. ताईला तो बघायचाच होता. हट्ट असा तिने आयुष्यात हा पहिलाच केला. भावोजी बघून आले आणि म्हणाले, "नको." तिने पुन्हा विचारलं, तर 'नीट खात्री करायला' दुसऱ्यांदा गेले. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा नकोच. त्यात वाईट काय आहे विचारलं की म्हणत, "सांगण्यासारखं असतं तर नेलं नसतं?" मला तर तेव्हाच त्यांचा जेवणाचा डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटे.

शेवटी शेजारच्या वसुधाकाकूंनी गॅलरीत सगळ्यांदेखत त्यांना टोकलं. लाजेकाजेस्तव ते कबूल झाले आणि रविवारी तीनच्या खेळाला आम्ही तिघं गेलो.

मी श्वास रोखून त्या वाईट गोष्टीची वाट बघत होते. ती आलीच नाही. काळ्या-पांढऱ्या बागेत नायक-नायिका दोन हात अंतर ठेवून गाणी म्हणत होती. नायक तिला सारखा विचारायचा, तुला काय वाटतं? बस, एवढंच. ताई खुर्चीच्या कडेवर आली होती. पुढे त्यांचं लग्न झालं, संसार सुरू झाला आणि नायिकेला शिंक आली.

भावोजींनी खिशातून रुमाल काढला.

नायिका अजून नुसती शिंकली होती. ताप चढायचा होता, नायकाने शेगडी पेटवून पेज करायची होती, तिला चमच्याने भरवायची होती. पण कुठे रडायचं ते भावोजींना पाठ होतं. पेजेचा पहिला चमचा पुढे झाला आणि ते मुसमुसायला लागले.

दोन वर्षांपूर्वी ताईला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळून होती. पेज मी भरवली. भावोजी रोज दारात उभे राहून विचारत, "उतरला का ताप? सोमवारपासून डबा मिळेल ना?" त्या आठवणीने आजही माझं डोकं फिरतं.

ताईने तो रुमाल पाहिला. त्यानंतर तिने पडद्याकडे बघितलंच नाही. सिनेमा संपेपर्यंत ती नवऱ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर भावोजी डोळे पुसत म्हणाले, "बघितलंस ना? म्हणून नको म्हणत होतो. असलं बघून बायकांच्या डोक्यात भलतंसलतं भरतं."

ताईचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. "तुम्ही तर चार वेळा बघितलंत. तुमच्या डोक्यात का नाही भरलं?"

"अगं, लोक बघतायत. सिनेमा तो सिनेमा."

"ती खोटी आजारी होती, तिच्यासाठी रडलात. मी खरी आजारी होते."

भावोजी इकडेतिकडे बघायला लागले. मग म्हणाले, "बरं, चल आता घरी. चहाची वेळ टळून गेली."

ताई थिएटरच्या पायरीवर बसली. मलाही हाताला धरून खाली बसवलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "शेगडी कशी पेटवायची ते चार वेळा बघितलंय तुम्ही."