डाव्या हाताची तुरपाई

शाळेत तिला समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘उसवाबाई’. नाव मुलींनी ठेवलं होतं आणि ते उगाच नव्हतं. वर्गात कुणी काही शिवून आणलं की ती चष्मा कपाळावरून नाकावर ओढायची, शिवण उजेडाकडे धरायची, नखाने एकेक टाका चाचपायची आणि एवढंच म्हणायची, “उसव.” का, ते सांगायची नाही. ज्याचं त्याने शोधायचं. बाही उलटी लागलीय की गळा ओढला गेलाय, हे पोरींना उसवता उसवता आपोआप कळायचं. दुसऱ्यांदा आणलं तरी “उसव.” तिसऱ्यांदा आणलं की हुं करायची. त्या हुंवर पोरी आठवडा काढायच्या.

शिवणाचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत होता. आठ पायमशीनं, त्यातली सहा चालू. मधे एक लांब टेबल, त्यावर खाकी कागद, खडू, मापाच्या फिती. भिंतीला पाठीपासून खांद्यापर्यंतचे सगळे साचे खिळ्यांना टांगलेले. या खोलीत यायचं म्हणजे बाकी कशात डोकं चालत नाही, असा शाळेचा समज. गणितात नापास झालेल्यांना इकडे पाठवायचे. ही गोष्ट ऐकली की बाईच्या डोक्यात तिडीक जायची. “खांद्याचा उतार काढायला गणित नाही लागत? छातीच्या मापावरून बाहीचा मुंढा काढून दाखवा म्हणावं त्या गणितवाल्यांना.”

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाचे सर एकदा चहा पिता पिता म्हणाले, “बाई, माझ्या पँटची चेन बिघडलीय, तेवढी बसवून द्या की.”

“आणा ना,” ती म्हणाली. “वर्गातच बसवते. पोरींना कमरेचं माप किती घ्यावं लागलं तेही सांगते.”

त्यानंतर सरांनी चेनचा विषय काढला नाही.

ती डावखुरी होती. वडिलांचं रस्त्याला तोंड असलेलं शिलाईचं दुकान. पोरीने सुई डाव्या हातात धरली की ते लाकडी पट्टी हाणायचे. उलट्या हाताचं काम गिऱ्हाईक घेत नाही म्हणायचे. लिहायला ती उजव्या हाताने शिकली. कात्रीही उजव्याने चालवायला लागली, कारण कात्र्या उजव्या हातासाठीच बनवलेल्या. सुई मात्र तिने सोडली नाही. पट्टी खाल्ली, रडली, पण सुई डावीकडेच राहिली. आणि तोच हात पुढे शिक्षिका म्हणून तिच्या कामी आला. ती पोरींना समोर बसवायची आणि सांगायची, “आरशात बघतोय असं समजा. माझा हात जिकडे, तुमचा हात तिकडे.” उजव्या हाताच्या शिक्षिकेला पोरीच्या मागे वाकून उभं राहावं लागतं. हिला नाही. सव्वीस वर्षांत शेकडो मुली तिच्या समोर बसून, तिच्या डाव्या हातातून आपला उजवा हात शिकल्या.

तिचा एक नियम होता आणि तो ती वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगायची. “तुमच्या कामाला माझा हात उसवायला लागेल. शिवायला कधी लागणार नाही. रडा, पाया पडा, मी एक टाका घालणार नाही.” पोरी रडायच्या, पायाही पडायच्या. बाई ढिम्म.

मग शिडी आली.

शिडी म्हणजे एक उंचच्या उंच मुलगी. नाव वर्गाने ठेवलेलं. कुठलाही तयार कपडा हिला आखूड व्हायचा. मनगटं उघडी, घोटे उघडे. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं एकच काम करत होती. कॉलर लावायची. समोरून शर्ट यायचा, कॉलर लावायची, पुढे ढकलायचा. अख्खा शर्ट तिने एकदाही शिवला नव्हता. शिडीला पहिल्यांदा वर्गात घेऊन आली तेव्हा म्हणाली, “बाई, हिला पूर्ण कपडा येऊ दे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्यासारखी गळ्यापाशी अडकायला नको.”

शिडीने पहिल्याच महिन्यात स्वतःचा झगा बेतला. घोटे झाकले. बाईने तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “बरा आहे,” म्हणाली. असं याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

“बाई, तब्येत बरी आहे ना तुमची?” मागून एक पोरगी म्हणाली.

“तुझा परकर उसवून झाला का?” बाई म्हणाली.

शेवटच्या वर्षी बाईने शिडीसाठी वस्त्रकलेच्या कॉलेजचा अर्ज आणला. जागा चाळीस, अर्ज हजारावर. उमेदवाराने स्वतः शिवलेला एक कपडा पाठवायचा. सगळं काम माझ्या एकटीच्या हातचं आहे, असं तिने लिहून द्यायचं आणि खाली शिक्षिकेने सही करायची. मग मुलाखत. शिडीने कोट करायचा ठरवलं. गुडघ्याखाली जाणारा, आतून अस्तर लावलेला. कापड जाड करडं, आईच्या कारखान्यातून आलेला ताग्याचा शेवट. अस्तर विटकरी. अडीच महिने पोर त्यावर बसली. खिसे तीनदा उसवले, बाही चारदा. चौथ्या वेळी बाही खांद्यावर अशी पडली की बाईला आपला बाप आठवला. बाप असता तर पट्टी खाली ठेवून गप्प बसला असता.

पाठवायच्या दिवशी शिडीला ताप होता. तशीच आली, अस्तराची खालची तुरपाई पूर्ण केली, कोट टेबलावर ठेवला आणि बाईने तिला घरी पाठवून दिलं. “इस्त्री करून मी पाठवते. तू झोप जा.”

पार्सलची खिडकी पाचला बंद होणार होती. साडेतीनला बाईने इस्त्री फिरवायला कोट उलटा केला आणि तिची बोटं थांबली. डाव्या शिवणीपाशी वीतभर जागेत तुरपाई सैल होती. टाके जरा लांब, दोरा जरा ढिला. तापातल्या हाताचं काम. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. हिला दिसलं, कारण हिने आयुष्यभर तेवढंच पाहिलं होतं.

पोरीला बोलवावं तर घर दोन बस पलीकडे. तसंच पाठवावं तर जिवाला चैन पडणार नाही. वीतभर तर आहे, तिने स्वतःला सांगितलं. वीतभरासाठी पोरीची जागा घालवायची का? तिने टाके उसवले. सुई ओवली, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि शिवलं. वीस मिनिटं लागली. दोरा तोडताना तिला जे वाटलं ते सरळ सरळ सुख होतं. पोरीला यातलं काही सांगायचं नाही, हेही तिने तिथेच ठरवलं. उगाच मनाला लावून घेईल. मग अर्जावर सही केली आणि पार्सल दिलं.

मुलाखतीनंतर शिडी शाळेत आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईला बोलावलं आणि एक कागद पुढे केला. कोटाच्या कामात दोन व्यक्तींचे हात दिसतात, अशी परीक्षकांना शंका आहे. उमेदवाराची सोमवारी समोर बसवून पुन्हा चाचणी घेतली जाईल. तोवर निकाल राखून ठेवला आहे.

“हे काय आहे?” मुख्याध्यापक म्हणाले.

बाईने कागद दोनदा वाचला. दोन हात. तिने नकळत आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताने तुरपाई केली की टाके एका बाजूला कलतात. डाव्याने केली की दुसऱ्या बाजूला. सव्वीस वर्षं समोर बसवून आरसा आरसा करत शिकवलं आणि नेमक्या त्या दुपारी हे तिच्या डोक्यात आलं नाही. अख्ख्या घेरात टाके एकीकडे कललेले आणि मधेच वीतभर उलटे. जाणत्या माणसाला ते ओरडून सांगत होते.

तिचा स्वभाव असा की चूक कळली की तिला क्षणभर दम निघायचा नाही. मुख्याध्यापक म्हणत होते, जरा थांबा, विचार करू, मुलीशी बोलू. हिने तिथेच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहिलं. वीतभर तुरपाई मी केली आहे, मुलीला त्याची कल्पना नाही, शिक्षा मला करा. खाली सही ठोकली आणि दुपारची बस पकडून कॉलेज गाठलं.

तिथल्या प्रमुखबाई वयाने तिच्याएवढ्याच होत्या. बोटावर सुईच्या जुन्या खुणा. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“तुम्ही हे का आणून दिलंत?”

“का म्हणजे? खरं आहे म्हणून.”

“खरं आहे हो. पण आतापर्यंत आमच्याकडे नुसती शंका होती. आम्ही तिची पुन्हा चाचणी ठेवली ती शंकेचा फायदा तिला मिळावा म्हणून. आता तुमच्या सहीचा पुरावा आला.” त्यांनी कागद हलकेच खाली ठेवला. “बाहेरची मदत झाली असेल तर अर्ज रद्द. आणि पुढची तीन वर्षं बसता येत नाही.”

“पण तिला माहीतच नव्हतं.”

“हेतू लिहायला नियमात जागा नाही ठेवलेली.”

“मग बदला तो नियम. तुमच्याच घरचा आहे ना?” बाईचा आवाज चढला. “मी चोरी केली म्हणा. मला शाळेतून काढा, माझी सही आयुष्यभर बाद करा. पोरीचं नाव कशाला कापता?”

“आज बदलला तर उद्या प्रत्येक आई असाच कागद घेऊन येईल, बाई.” प्रमुखबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. “एक सांगू? तिला माहीत नव्हतं असंही नाही. मुलाखतीत मी तिला विचारलं, सगळं तुझंच काम? हो म्हणाली, बिनधास्त. मग मी तिला ती जागा दाखवली. तिने कोट हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं, बराच वेळ बघत राहिली. तिला तिथे कळलं, मी चेहऱ्यावर पाहिलं. पुन्हा विचारलं. तरी म्हणाली, मीच केलंय.”

आपण त्या खोलीतून बाहेर कसे पडलो ते बाईला आठवलं नाही. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या अर्जावर शिक्षिका म्हणून आपलीही सही होती. पोरीने खरं सांगितलं असतं तर खोटे आपण ठरलो असतो. पोरीने आपल्याला झाकलं होतं आणि आपण जाऊन तिला उघडं पाडून आलो.

ती घरी न जाता सरळ शिडीच्या घरी गेली. ऊन उतरत होतं. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला एका ओळीत. आई नुकतीच कामावरून आलेली, ओल्या हाताने दार उघडलं.

“या बाई. तिला ताप नाही आता. पण ऐकत नाही बघा कुणाचं. तुम्हीच सांगा काहीतरी.”

“काय करतेय?”

“डाव्या हाताने शिवत बसलीय. मुलाखतीहून आल्यापासून. जेवायलासुद्धा उठत नाही. म्हणते, सोमवारी परत बोलावलंय, दोन्ही हातांनी करून दाखवायचं. बोटं बघा जरा तिची.”

आतल्या खोलीत शिडी जमिनीवर बसली होती, लांब पाय दुमडून. आजूबाजूला विटकरी अस्तराचे तुकडे. प्रत्येकावर तुरपाई. दारापाशी पडलेल्या तुकड्यांवर टाके वेडेवाकडे, मग जरा सरळ, मांडीवरच्या तुकड्यावर जवळजवळ बाईचे स्वतःचेच. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, तर्जनीचं टोक सोलवटलेलं.

“बाई, हे बघा ना,” ती मान वर न करता म्हणाली. “आता कुणी म्हणणार नाही दोन हात आहेत म्हणून. मी म्हणेन, ताप होता, उजवा हात दुखत होता, म्हणून तेवढं डाव्याने केलं.”

बाईने तुकडा हातात घेतला. उजेडाकडे धरायची तिला गरज पडली नाही. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि कॉलेजात काय करून आली ते तिने सांगितलं. सगळं सांगितलं, कागदासकट. तीन वर्षांचंही.

आई दारात उभी होती. ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बाईने खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. तयारीनेच आली होती. आईने फक्त पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडं उगाच इकडचं तिकडे ठेवलं.

शिडीने सुई अस्तरात खोचली. बराच वेळ अंगठ्याची चिंधी सोडत बसली.

“बाई,” ती म्हणाली, “ती तुरपाई इतकी वाईट होती?”

बाईला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर निदान आपण जे केलं त्याला काही कारण तरी राहिलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “जरा सैल होती. कुणाला दिसली नसती. तशीच गेली असती तरी तुझी जागा पक्की होती.”

“मग?”

बाईने हातातला तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पोरीने थोडं थांबून पाहिलं, मग तुकडे एकावर एक रचायला घेतले, मोठ्यावर लहान, कडेला कड. रचता रचता तिचे खांदे हलायला लागले, तरी हात थांबले नाहीत. बाईने हात पुढे केला. शिडीने तो झिडकारला नाही. ती फक्त थोडी बाजूला सरकली.

आई परत दारात आली.

“चहा ठेवलाय, तेवढा घेऊन जा,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा होता. “आणि आता तिला निजू द्या, बाई. उद्या सकाळी साहेबांना विचारते. माझ्या ओळीत कफ लावायची एक जागा रिकामी आहे.”